किशोरवयीन मुले, पालक आणि मनाचा आधार: बेळगाव सीमाभागातील पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या वयाला किशोरवय मानते. या वयाच्या मुलांचे पालक पालकसभेत, लग्नघरी किंवा बसथांब्यावर भेटले की जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातील मराठी घरांची परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहेत. बहुतेक उत्तरे फिरून एकाच कसोटीवर येतात: काही बिघडले, तर आपले मूल ती बातमी घेऊन घरी येऊ शकते का?

मूल आणि पालक यांच्यातील भावबंध म्हणजे काय? तो तान्ह्या बाळांपुरताच असतो ना?

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९६९ पासून तीन खंडांत सविस्तर मांडलेला विचार असा की, भीती, आजारपण किंवा दुःख वाट्याला आले म्हणजे मूल एका ओळखीच्या, भरवशाच्या माणसाकडे धाव घेते आणि तेथे दिलासा मिळाला की पुन्हा खेळायला, शिकायला, जग पाहायला मोकळे होते. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात आई व बाळ यांचे बारकाईने निरीक्षण केले. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाऊन परत आली की बाळ कसे वागते, यावरून त्यांनी बंधांचे प्रकार ओळखले. काही बाळे रडतात, पण आईने उचलून घेतल्यावर शांत होतात. काही तिच्याकडे पाहायचेच टाळतात. काही तिला बिलगूनही शांत होत नाहीत.

किशोरवयात हा बंध संपत नाही, फक्त त्याचे रूप पालटते. चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून आईने मित्रांदेखत हात फिरवला तर तो अंग चोरतो. मात्र त्याच मित्रांनी त्याला एकटे पाडले, शिक्षकांनी वर्गात पाणउतारा केला किंवा आपले शरीर इतरांसारखे वाढत नाही अशी धास्ती त्याच्या मनात बसली, तर घरात कोणीतरी आपले ऐकून घेईल हा विश्वास त्याला सावरतो. ज्या मुलांना हा विश्वास असतो त्यांच्यात चिंतेची आणि नैराश्याची लक्षणे कमी आढळतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. अर्थात हे सरासरीचे चित्र आहे. स्वभाव, आनुवंशिकता, शाळा, पैशाची ओढाताण आणि शरीराची दुखणी यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून मूल खचले की आई-वडिलांचेच चुकले असा ठपका नातेवाइकांनी ठेवू नये आणि पालकांनीही तो स्वतःवर ओढवून घेऊ नये.

आठवीत गेल्यापासून मुलगा आमच्याशी धड बोलत नाही आणि बोलला तरी वाद घालतो. त्याची माया आटली का?

माया आटलेली नसते. पालक आणि मुले यांच्यातील खटके किशोरवयाच्या सुरुवातीला सर्वांत जास्त वेळा उडतात आणि पुढे त्यांची संख्या कमी होत जाते. मधल्या वर्षांत मात्र ते खटके अधिक तीव्र असतात. वादाचे विषय बहुधा साधे असतात: केस, कपडे, मोबाईल, घरी यायची वेळ, पसरलेली खोली. आपल्या आयुष्यातील कोणत्या गोष्टी आपण ठरवायच्या आणि कोणत्या मोठ्यांनी, याची ती वाटाघाट असते. त्यातच या वयात झोप येण्याची वेळ शरीरतःच पुढे सरकते, तर झोपेची गरज आठ ते दहा तासांची असते. सकाळच्या शाळेसाठी किंवा गावातून सुटणारी पहिली बस गाठण्यासाठी रोज पहाटे उठणारे मूल संध्याकाळी चिडचिडे असेल, तर त्याचे कारण निम्म्याहून अधिक वेळा अपुरी झोप हेच असावे, असे मला वाटते.

या वयातील मुले समोर बसवून विचारपूस केली की मिटून जातात. ती बोलतात ती शेजारी शेजारी काहीतरी काम चालू असताना, दुचाकीवर मागे बसून, शेतावरून परतताना. आई भाकऱ्या थापत असते आणि मुलगा उगाच स्वयंपाकघरात येतो, तांब्या भरतो, फडताळ उघडतो, पुन्हा लावतो, "भूक लागली की" म्हणतो आणि तरी ताट वाढून घेत नाही. त्याला काहीतरी सांगायचे असते. अशा वेळी तव्यावरची नजर न काढता "बस की इथं" एवढेच म्हणावे आणि पुढची दोन मिनिटे काहीही विचारू नये. "काय झालं? कुणी काय म्हटलं? मार्क कमी पडले का?" अशी सरबत्ती सुरू झाली की तो तांब्या घेऊन निघून जातो, आणि ती वेळ पुन्हा लवकर येत नाही.

कडक असावे की मोकळे सोडावे?

हा प्रश्नच बऱ्याच घरांत भांडणाचे मूळ असतो, कारण वडील एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला उभी राहते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या: फक्त हुकूम सोडणारे, फक्त लाड करणारे, आणि शिस्त व जिव्हाळा दोन्ही राखणारे. १९८३ मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी त्यांत चौथी तऱ्हा जोडली, ती म्हणजे शिस्तही नाही आणि लक्षही नाही. मुलांच्या मनाला सर्वाधिक झळ या चौथ्या तऱ्हेत बसते. तिसऱ्या तऱ्हेतील मुले सामान्यतः सर्वांत सावरलेली आढळतात. म्हणजे रात्री आठच्या आत घरी यायचे हा नियम असावा, तो का आहे हे एकदा शांतपणे सांगितलेले असावे, मुलाचे म्हणणे ऐकलेले असावे, आणि गणपतीच्या दिवसांत किंवा यात्रेच्या रात्री तो नियम थोडा सैल करण्याची तयारीही असावी.

"तुझ्यासाठी आम्ही रक्ताचं पाणी केलं" असे म्हटले तर त्यात चुकीचे काय? ते खरेच आहे.

खरे आहेच. वडगाव-शहापुरात दिवसभर मागाच्या खडखडाटात उभे राहणारे वडील आणि निपाणीत विड्या वळून मुलांची फी भरणारी आई यांचे कष्ट मुलांना कळायलाच हवेत. प्रश्न आहे तो हे वाक्य कधी उच्चारले जाते याचा. मुलाने शाखा निवडताना वेगळे मत दिले, मित्राकडे जायचे म्हटले किंवा गुण कमी आणले की लगेच हे वाक्य येत असेल, तर ते कष्टांची ओळख करून देत नाही. स्वतःचे मत असणे म्हणजे आई-वडिलांचा घात करणे, एवढेच मूल त्यातून शिकते.

नियम घालणे आणि मनावर ताबा ठेवणे यांतील फरक संशोधक ब्रायन बार्बर यांनी १९९० च्या दशकात स्पष्ट केला. कोठे जातोस, कोणाबरोबर, किती वाजता येणार हे विचारणे ही देखरेख झाली आणि ती मुलांना गैरवर्तनापासून वाचवते. अपराधी वाटायला लावणे, माया काढून घेण्याची धमकी देणे, मुलाच्या भावनाच खोट्या ठरवणे हा दुसरा प्रकार आहे, आणि त्याचा नैराश्याशी संबंध भारतासह अनेक देशांतील किशोरवयीनांत आढळला आहे. "आपल्याकडे हे चालतं, आपली मुलं वेगळी असतात," या समजुतीला त्यामुळे फारसा आधार उरत नाही.

आपल्या घरांतील अबोला हा याच दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि त्याविषयी मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते, कारण मारझोडीला वाईट म्हणणारी सुशिक्षित घरेही अबोल्याला शिक्षा मानत नाहीत. चार-चार दिवस आई मुलीशी बोलत नाही, ताट वाढते पण नजर देत नाही, "बाबांना सांग" असे भिंतीकडे पाहून म्हणते. मुलीला आपली चूक काय होती हे तिसऱ्या दिवशी आठवतही नसते. घरातील आपली जागा अटींवर टिकलेली आहे, एवढे मात्र तिच्या मनात कायमचे राहते. रागाच्या भरात बोलता येत नसेल तर "मला आत्ता राग आलाय, रात्री जेवण झाल्यावर बोलू" असे सांगावे आणि रात्री खरोखर बोलावे. थांबण्याची मुदत ठाऊक असली की मूल त्या रागाला घाबरत नाही.

आम्ही मार खाऊनच मोठे झालो. दोन फटके दिले तर काय बिघडते?

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतील कुटुंबे पाहिली गेली. जेथे मारणे सर्रास चालते तेथे त्याचा मुलांच्या आक्रमकतेशी व चिंतेशी असलेला संबंध थोडा सौम्य दिसला, पण तो नाहीसा झाला नाही. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मारले की तो खोटे अधिक सफाईने बोलायला शिकतो. एवढे उत्तर पुरे.

मुलाचा मोबाईल गुपचूप तपासावा का?

मूल काय करते हे ज्या पालकांना ठाऊक असते त्यांची मुले कमी भरकटतात, हे जुने निरीक्षण आहे. त्यावरून पाळत वाढवा असा सल्ला दिला जाई. स्वीडनमधील हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० मध्ये १४ वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून विचारले, की पालकांना ही माहिती मुळात मिळते कोठून. ती बहुतांशी मुलांनी आपणहून सांगितलेली असते, असे उत्तर निघाले. विचारपूस आणि बंधने यांचा वाटा त्यामानाने कमी होता. म्हणून मोबाईल तपासण्याआधी मूल आपल्याला काय काय सांगते, आणि मागच्या वेळी त्याने काही सांगितले तेव्हा आपण काय केले, हे आठवून पाहावे. ज्या मुलीने "एक मुलगा मेसेज करतोय" असे विश्वासाने सांगितले आणि त्याच दिवशी जिचा मोबाईल काढून घेतला गेला, ती मुलगी पुढच्या वेळी गप्प बसेल.

लहान वयात मोबाईलच्या वेळेचे उघड नियम असावेत, रात्री मोबाईल झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवला जावा, आणि हा नियम वडिलांनीही पाळावा. कोणी धमकावत आहे, पैसे किंवा फोटो मागत आहे अशी सबळ शंका असेल, तर मुलाला सांगून, त्याच्यासमोर मोबाईल पाहावा.

दहावीचे वर्ष आहे. ताण न देता अभ्यास कसा करून घ्यावा?

प्रिपरेटरी परीक्षेची गणिताची उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी चार घड्या घालून ठेवलेली सापडते, आणि पालक विचारतात की आता काय करावे. उत्तरपत्रिका लपवली याचा अर्थ गुणांची भीती अभ्यासापेक्षा मोठी झाली आहे. पहिले वाक्य गुणांबद्दल नसावे. "हे दाखवायला भीती वाटली का?" असे विचारावे, उत्तर येईपर्यंत थांबावे, आणि मगच कोणते धडे अडतात हे त्याच्याबरोबर बसून पाहावे. शेजारच्या किंवा चुलत भावाच्या गुणांशी तुलना त्या दिवशी तरी टाळावी.

कर्नाटकात आता दहावी आणि द्वितीय पीयूसीची (बारावीची) परीक्षा एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा देता येते, हे मुलाला निकालाच्या आधीच सांगितलेले बरे. निकालाच्या दिवशी घरात एक तरी मोठे माणूस मुलाबरोबर असावे, आणि नातेवाइकांचे फोन पालकांनी घ्यावेत.

घरी मराठी, बाहेर कन्नड, कॉलेजात इंग्रजी. याचा मुलांच्या मनावर परिणाम होतो का?

दोन-तीन भाषा येणे हे मुलांच्या मनावरचे ओझे नाही. त्रास होतो तो एका भाषेतून दुसरीत अचानक ढकलले जाण्याचा. मराठी माध्यमातून दहावीला चांगले गुण मिळवलेले खानापूर तालुक्यातील मूल बेळगावच्या कॉलेजात विज्ञान शाखेला जाते, पहिल्याच आठवड्यात इंग्रजीतील व्याख्यान डोक्यावरून जाते, कार्यालयातील कन्नड फॉर्म भरताना अडखळते आणि वर्गात प्रश्न विचारायचे बंद करते. कालपर्यंत हुशार असलेले हे मूल स्वतःला मंद समजू लागते. पालकांना ती पुस्तके वाचता येत नाहीत म्हणून तेही दूर राहतात, "आम्हाला काय कळतंय त्यातलं" म्हणून विषय सोडून देतात. पुस्तकातले कळण्याची येथे गरज नसते. पहिले सहा महिने प्रत्येकालाच जड जातात आणि अडचण बुद्धीची नसून भाषेची आहे, हे मुलाला घरच्या भाषेत, ठामपणे आणि एकापेक्षा अधिक वेळा ऐकायला मिळाले पाहिजे.

दुसरी बाजू अशी, की बऱ्याच घरांत मुलेच पालकांसाठी दुभाषी होतात. तलाठ्याकडचा अर्ज, बँकेचा कागद, दवाखान्यातील चिठ्ठी, सारे बारा-तेरा वर्षांची मुलगी वाचून सांगते. अशा मुलांवर, मुख्यतः अमेरिकेतील स्थलांतरित कुटुंबांत, झालेले संशोधन एकाच दिशेला बोट दाखवत नाही: काहींना त्याचा अभिमान वाटतो, काहींना ते ओझे होते, आणि बरेचसे घरातील नात्यावर अवलंबून असते. साधे अर्ज तिने अवश्य वाचावेत व त्याबद्दल तिचे कौतुक व्हावे. मात्र आईच्या आजाराचे निदान, कर्जाची नोटीस किंवा जमिनीचा वाद तिच्या तोंडून वदवून घेऊ नये. त्यासाठी मोठे माणूस शोधावे.

वडील सैन्यात किंवा गोव्याला कामाला असतात आणि मुलांना आजी सांभाळते. बंध कच्चा राहील का?

मुलाचा बंध एकाच व्यक्तीशी जुळतो असे नाही. १९६४ मध्ये ग्लासगो येथील ६० बाळांच्या अभ्यासात रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमरसन यांना दिसले, की दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक बाळे एकाहून अधिक माणसांशी जोडली गेली होती. आजी, आत्या, मामा हे खरे आधार आहेत, आणि आपल्या भागात ते अजून बऱ्याच घरांत हाताशी आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे.

दूर असलेल्या वडिलांनी फोन ठरलेल्या वेळी करावा. रविवारी रात्री नऊला म्हटले तर नऊला. त्या फोनवर आधी अभ्यास आणि तक्रारी निघू नयेत. सुट्टीवर आल्यावर पहिल्या दोन दिवसांत घराची सगळी शिस्त हाती घेण्याची घाई तर मुळीच करू नये. वर्षभर ते घर आई आणि आजीच्या नियमांवर चाललेले असते. आईनेही "येऊ देत तुझ्या बाबांना, मग बघ" असे म्हणत वडिलांना धाकाची बाहुली बनवू नये.

मुलींच्या बाबतीत काही वेगळे लक्षात घ्यावे का?

होय. वयात आल्यानंतर मुलींमध्ये नैराश्याचे प्रमाण मुलांच्या सुमारे दुप्पट होते आणि हे बऱ्याच देशांत दिसते. संप्रेरकांबरोबरच भोवतालची वागणूकही त्याला कारणीभूत असते. पाळी सुरू झाल्यावर खेळणे, पोहणे, गल्लीत फिरणे एकाच महिन्यात बंद होते. त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे, कालपर्यंत खांद्यावर हात ठेवणारे वडील संकोचून दूर होतात आणि मुलीला वाटते की आपलेच काही चुकले. वडिलांनी बोलणे, चेष्टामस्करी आणि तिचे मत विचारणे पूर्वीसारखेच चालू ठेवावे. मुलगे रडत नाहीत म्हणून ते ठीक आहेत असेही समजू नये. त्यांचे नैराश्य पुष्कळदा चिडचिड, भांडणे आणि घराबाहेर राहणे या रूपात दिसते.

लहानपणी आम्हाला वेळ देता आला नाही. आता उशीर झाला का?

नाही. बाळपणीचा बंध पुढे काही प्रमाणात टिकतो, पण तो दगडावर कोरलेला नसतो आणि चांगल्या तसेच वाईट अनुभवांनी बदलतो. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत असे दिसले, की प्रेमळ आया आणि त्यांची बाळेसुद्धा बराच वेळ एकमेकांशी जुळलेली नसतात. ती पुन्हा पुन्हा जुळवून घेतात. किशोरवयातही भांडणानंतर कोण पुढे येते याला मोल आहे, आणि सुरुवातीला तरी मोठ्या माणसाने पुढे यावे. "काल मी सगळ्यांसमोर ओरडलो, ते बरोबर नव्हतं. उशिरा येण्याबद्दल मात्र आपण बोलायचंय." चूक मान्य केल्याने वडिलांचा मान कमी होत नाही, आणि नियमही जागच्या जागी राहतो.

बाहेरची मदत केव्हा आणि कोठे घ्यावी?

उदासी किंवा चिडचिड दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज टिकली, झोप-भूक बदलली, आवडीच्या गोष्टी सुटल्या, शाळा टाळली जाऊ लागली, अंगावर स्वतः केलेल्या जखमा दिसल्या किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असे बोलणे आले, तर वाट पाहू नये. मरणाचे विचार येतात का, असे सरळ विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत; उलट मुलाला बोलायला वाट मिळते. शेतकरी घरांनी फवारणीची औषधे आणि सर्वांनीच घरातील गोळ्या कुलपात ठेवाव्यात, आणि अशा दिवसांत मुलाला एकटे सोडू नये.

टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य बोलता येते आणि भाषा निवडता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली कर्नाटकातील सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी स्नेहा क्लिनिक चालतात. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे आणि धारवाडला मानसिक आरोग्याची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. कन्नड नीट बोलता येत नसेल तर जाताना भाषा जाणणारे एखादे विश्वासू मोठे माणूस सोबत न्यावे, पण ते शक्यतो मुलाने सुचवलेले असावे. डॉक्टर मुलाशी काही वेळ एकट्याने बोलू इच्छितील. तेव्हा बाहेर बसावे, आणि आत काय बोलणे झाले हे परतीच्या बसमध्ये खोदून खोदून विचारू नये.